प्रेमदेवाचा डावा पंख

४ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. नोकरी लागली, खोली मिळाली, खोलीला खिडकी आहे, सगळं कळलं. खिडकीतून काय दिसतं ते मात्र लिहिलं नाहीस, म्हणजे भिंत दिसत असणार. असू दे. आपल्या घरात कागदावर सही करणारी माणसं झाली, पण कागदावर लिहून पगार घेणारी तू पहिलीच. तुझे बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "मुलगी शब्दकोशाच्या कचेरीत आहे." परवा एकाने विचारलं, "म्हणजे नक्की काय करते?" तर म्हणाले, "शब्द बनवते." मी दुरुस्त केलं नाही.

आता माझं काम. इथल्या विवाह नोंदणी कार्यालयाची ऑर्डर आली आहे. तिथे नवे साहेब आलेत. त्यांचं म्हणणं, माणसं इतक्या आनंदाच्या दिवशी येतात आणि दारातून आत बघतात तर समोर आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या. म्हणून तिथे मूर्ती हवी. रोमन लोकांचा प्रेमदेव, तो गुबगुबीत पोरगा, पंखवाला, हातात धनुष्य. आजवर मी प्लॅस्टरची छताची फुलं ओतली, खांबांवरचे वेल ओतले, बागेतली बदकं ओतली. देव पहिलाच, आणि तोही परका.

चौथऱ्यावर त्याचं नाव कोरायचंय. कार्यालयातले हेडक्लार्क काम बघायला वर्कशॉपवर येतात. मी त्यांना नोंदणीवाले म्हणते. ते म्हणाले, "बाई, आधी नावाचा अर्थ बघून घ्या. नावातली एक चूक सुधारायला लोक आमच्याकडे चपला झिजवतात." मला पटलं. तर क्युपिड म्हणजे नक्की काय, ते शोधून कळव. माणूस चौकस आहे आणि मला त्यांच्यापुढे अडाणी ठरायचं नाही.

जेवत जा.

तुझी आत्या

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

भिंतच दिसते. पण दुपारी तिच्यावर ऊन येतं आणि मग ती बरी दिसते.

तुझा प्रश्न घेऊन मी आमच्या कोशबाईंकडे गेले. त्या इथल्या मुख्य संपादक. एरवी मला फक्त "दार लोटून घे" एवढंच म्हणतात. या वेळी त्यांनी स्वतः उठून तीन कपाटं उघडली.

क्युपिड हा इंग्रजांनी आखूड केलेला उच्चार. मूळ लॅटिन नाव कुपीडो, म्हणजे इच्छा, ओढ, तीव्र हवंसं वाटणं. पण त्याच मुळापासून इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये जे दुसरे शब्द आले त्यांचा अर्थ चक्क लोभ. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ देव झाला आणि दुसरा सावकार. रोमन लोक त्याच देवाला आमोर असंही म्हणत, म्हणजे सरळ प्रेम. जर्मन भाषेत तो आजही आमोरच आहे. ग्रीक लोकांचा एरॉस, तोही ओढच. संस्कृतात तर नावंच नावं: काम म्हणजे इच्छा, मदन म्हणजे धुंद करणारा, मन्मथ म्हणजे मन घुसळून काढणारा, अनंग म्हणजे ज्याला शरीर नाही तो. आणि एक स्मर. स्मर म्हणजे आठवण. हे मला फार आवडलं. बाकीच्यांनी त्याला माणसाला काय हवं असतं यावरून नाव दिलं. इथे कुणाला तरी वाटलं की प्रेम म्हणजे कुणीतरी सारखं आठवत राहणं.

माझं स्पष्ट मत आहे की क्युपिड कोरू नये. ज्या दारातून दोन माणसं बरोबरीच्या नात्यात पाऊल टाकतात, तिथे लोभाचा भाऊ कशाला?

आणि आत्या, तू अडाणी नाहीस. कुणी प्रश्न विचारून तुला तसं वाटायला लावत असेल तर ते मला आवडलेलं नाही.

तुझी भिंगरी

२१ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मी नोंदणीवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एक भाऊ देव नि दुसरा सावकार, इथे ते इतके हसले की चहा नाकात गेला. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दात चांगले आहेत.

मग म्हणाले, "अनंग नको हं. लेखापरीक्षक विचारतील, याला शरीरच नाही तर एवढं प्लॅस्टर कुठे गेलं?" स्मर त्यांनी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. साहेबांना मात्र क्युपिडच हवाय. म्हणजे अजून वाद आहे, आणि वाद आहे तोवर त्यांना येणं भाग आहे.

काम रेंगाळलंय. डावा पंख काही केल्या जमत नाही. ओतला, साच्यातून काढला, की चिरतो. पुन्हा ओतला, पुन्हा चिरला. त्यात नोंदणीवाल्यांनी नाकात खोट काढली. म्हणाले, जरा बसकं वाटतं. मी भर घातली. तर शुक्रवारी म्हणाले, "आता जरा जास्तच वर आलं. मंगळवारी पुन्हा बघतो." मंगळवारी पुन्हा बघितलं. म्हणाले, डोळ्यांच्या मानाने बघायला हवं. आता डोळे आले मध्ये!

वर्कशॉपमधल्या मोडक्या स्टुलाला मी नवा पाय लावला. तपासणी करणारा माणूस पडला तर ऑर्डर जायची.

तुझे बाबा बरे आहेत. शब्द बनवून झाले की सुट्टी घेऊन ये म्हणतात.

आत्या

२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला झोप लागली नाही.

नाक आधी बसकं, मग उंच, मग डोळ्यांच्या मानाने! हा कुठला न्याय? आणि तुझा पंख चिरतो? तुझा? बागेतली बदकं तू गप्पा मारता मारता ओतायचीस, एकाचीही चोच कधी तुटली नाही. मला कारण दिसतं आहे. तुझ्यावर दडपण आहे, म्हणून हात चुकतो आहे. एक सरकारी माणूस आठवड्यातून दोनदा येऊन तुझ्या डोक्यावर बसतो, खोट्या खोडी काढतो, तुझा चहा पितो, आणि तू त्याच्यासाठी स्टूल दुरुस्त करतेस! कॉलेजात आमच्या बाई सांगायच्या, सत्ता नेहमी खुर्चीतूनच चालते असं नाही. स्टुलावरूनही चालते, हे मला आता कळलं.

तू कुणाच्या आधाराशिवाय वर्कशॉप उभं केलंस. मला कॉलेजात घालण्यासाठी तू बाबांशी भांडलीस. मी मैत्रिणींना तुझं उदाहरण देते की माझ्या आत्याला आयुष्यात कुणाची गरज पडली नाही. त्या आत्याला कुणी असं वागवावं हे मी बघत बसणार नाही.

मला खरं सांग. तुला त्रास होतो आहे ना?

तुझी भिंगरी

७ मार्च

भिंगरे,

त्रास कसला डोंबलाचा? येतात, बसतात, नाकाकडे बघतात, जातात. तू फार विचार करतेस. लहानपणी मुंगी मेली तरी रडायचीस, तशीच आहेस.

आणि माझं उदाहरण देणं बंद कर. मी काय पुस्तकातला धडा आहे, खाली प्रश्न द्यायला?

गेल्या शुक्रवारी ते आलेच नाहीत. कार्यालयात वरून कुणीतरी येणार होतं म्हणे. माझं काही अडलं नाही. उलट दिवस मोकळा मिळाला. फारच मोकळा मिळाला. आणखी एक पंख ओतला. तोही चिरला.

तू मध्ये पडू नकोस. हे नीट वाच: पडू नकोस.

आत्या

१५ मार्च

प्रिय आत्या,

"काही अडलं नाही," "त्रास कसला," ही वाक्यं मला माहीत आहेत. ज्यांना खरंच त्रास होतो तीच माणसं असं लिहितात. आणि तो आला नाही त्या दिवशी तुला मोकळं वाटलं, हे तुझ्याच हातचं वाक्य आहे.

म्हणून मी तुझं ऐकलं नाही. काल मी नोंदणी कार्यालयाच्या साहेबांना रीतसर तक्रार पाठवली. वारंवार भेटी, अकारण दोष काढणे, कामात अडथळा, सगळं सभ्य भाषेत लिहिलं आहे. माझ्या आत्याच्या वतीने, असं म्हटलं आहे. रागावशील, पण नंतर तुला मोकळा श्वास घेता येईल. तू माझ्यासाठी भांडलीस. आता माझी पाळी.

तुझी भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आधी लिहायला बसले असते तर कागद फाटला असता.

काय झालं ते ऐक. साहेबांनी नोंदणीवाल्यांना बोलावून तुझी तक्रार सगळ्यांसमोर वाचली. त्यांना हुकूम झाला की मूर्तीच्या कामासाठी वर्कशॉपवर पुन्हा जायचं नाही. मला चिठ्ठी आली की एप्रिलअखेर मूर्ती आहे तशी पोचवा. त्या दिवसापासून ते आलेले नाहीत. माझा एक डबा त्यांच्याकडे होता. तो घासूनपुसून शिपायाच्या हाती परत पाठवला. आत कागद, "आभारी आहे. झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी." त्यांना वाटतंय तक्रार मीच करवली. "आत्याच्या वतीने" असं तूच लिहिलंस ना?

आता जे सांगते ते तुला सांगायची वेळ यायला नको होती. पंख चिरत नव्हता. मी तो ओला असतानाच साच्यातून काढत होते. आज एवढी वर्षं प्लॅस्टरमध्ये हात आहेत माझे, मला कळत नाही कधी काढायचा? पंख झाला की मूर्ती झाली, आणि मूर्ती झाली की मंगळवार-शुक्रवार संपले. एवढी शिकलीस, दहा भाषांतून प्रेमाची नावं काढलीस, आणि आत्याच्या पत्रात ते दिसलं नाही तुला?

मी एकटी राहिले ते काही तत्त्व म्हणून नाही, बाळ. जमलं नाही म्हणून. आजी आजारी होती, मग वर्कशॉप होतं, मग वय होतं. आता जमत होतं. कुणीतरी येऊन बसत होतं आणि मला त्याची सवय लागली होती.

तू माझ्या बाजूने लढलीस हे कळतं मला. पण माझी बाजू कोणती, हे एकदा विचारायचं होतंस.

त्यांच्याकडे जाऊन सांग म्हणशील. नाही जाणार. कुठल्या तोंडाने जाऊ? "तक्रार माझी नव्हती, कृपया येत जा," असं? पंख आज नीट काढला. पहिल्याच खेपेला. मूर्ती हातगाडीवाल्याबरोबर पाठवून देणार आहे.

आत्या

१४ एप्रिल

माननीय महोदय,

आपल्याविरुद्धची तक्रार मी केली होती. माझ्या आत्याने ती करायला सांगितली नव्हती, उलट स्पष्ट मनाई केली होती. मी तिच्या पत्रांचा चुकीचा अर्थ लावला आणि आपल्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते. तक्रार मागे घेत असल्याचं पत्र साहेबांनाही आजच पाठवलं आहे.

याहून अधिक काही सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि या वेळी तो मी स्वतःहून घेणार नाही.

आपली नम्र,
वर्कशॉपवाल्या बाईंची भाची

२० एप्रिल

भाचीबाईंस सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. कचेरीच्या सवयीप्रमाणे तक्रारीतले मुद्दे तपासून उत्तर देत आहे.

"वारंवार भेटी": खरे आहे. "अकारण दोष काढणे": हेही खरे आहे. नाकात दोष नव्हता. पहिल्या दिवशीही नव्हता. इतके सुरेख नाक मी माणसाला पाहिले नाही. पण "दोष नाही" असा शेरा मारला असता तर त्याच दिवशी फाइल बंद झाली असती, आणि मला पुन्हा तिकडे जायला काही निमित्त उरले नसते. आपण तक्रारीत जे लिहिले त्यात चूक काढता येण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मी ती निमूट ऐकून घेतली. वाईट वाटले ते एवढ्याचसाठी की बाईंना माझे येणे जाचत होते आणि मला समजले नाही.

माझी पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली. दिवसभर दुसऱ्यांची लग्ने नोंदवतो आणि घरी येऊन रेडिओ लावतो. तक्रार बाईंची नव्हती हे वाचल्यावर माझे कामात लक्ष लागले नाही. दुपारी एका नवरदेवाला वधूच्या जागी सही करायला लावली. वधू फार हसली, म्हणून निभावले.

एक विनंती. हे पत्र त्यांना दाखवू नये. त्यांच्या मनात तसे काही नसणार. त्यांना फक्त मूर्ती नीट व्हावी एवढीच काळजी होती. बिचाऱ्यांचा पंख दर वेळी चिरत होता, आणि वर मी नाकाची कुरकुर करत होतो.

आपला,
हेडक्लार्क

२४ एप्रिल

प्रिय आत्या,

मी चार वेळा हे पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. कोशबाई म्हणाल्या, "कागद कचेरीचा आहे की घरचा?"

मला एक गोष्ट कळली आहे आणि ती न सांगण्याचा शब्द पाळायचा आहे. शब्द मी दिला नव्हता, नुसता मागितला गेला होता, तरी पाळायचा आहे. एकदा मी न विचारता खूप काही केलं. या वेळी सांगता येण्यासारखं असूनही गप्प बसते आहे, आणि आत्या, हे त्याहून कठीण आहे.

फक्त एवढंच मागते: मूर्ती हातगाडीवाल्याबरोबर एकटी पाठवू नकोस. तू स्वतः जा. कारण विचारू नकोस.

तुझं उदाहरण देणं मी थांबवलं आहे. तुला कुणाचीच गरज नाही असं मला हवं होतं. तसं असलं की मलाही कधी कुणाची गरज पडणार नाही असं वाटायचं. इथे संध्याकाळी खोलीवर आले की त्या भिंतीकडे बघत मी तुलाच पत्रं लिहीत बसते, म्हणजे माझंही काही खरं नाही.

रागावलेली असलीस तरी उत्तर दे.

तुझी भिंगरी

६ मे

भिंगरे,

राग आहे. पण आता त्यात फारसा जीव उरलेला नाही. झालं ते सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू पुन्हा भलताच अर्थ काढशील.

चौथऱ्यावर काय कोरायचं ते साहेबांनी शेवटी कळवलं. नावावर वाद नको, म्हणाले, लोकांच्या उपयोगाचं लिहा. म्हणून तुझ्या प्रेमदेवाच्या पायाशी मी ठळक अक्षरांत कोरलंय: "हात लावू नये." दहा भाषांतून तुम्ही जे शोधलं त्याचं हे असं झालं.

मी जाणार नव्हतेच. पण तू कारण विचारू नको म्हणालीस, आणि तू कारण न सांगता राहिलीस असं जन्मात कधी घडलं नाही. म्हटलं, काहीतरी आहे. हातगाडीमागून चालत गेले. कार्यालयात तोबा गर्दी. जोडपी रांगेत, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, त्यांच्यामागे आणखी कुणी. मूर्ती दारात उतरवली आणि सगळे बघायला वळले. नोंदणीवाले काउंटरमागून उठून आले. माझ्याकडे बघितलं नाही. मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि पावतीवर लिहिलं, "मूर्ती मिळाली. दोष नाही."

मी म्हटलं, "नीट बघा. घाई करू नका."

"बघितलं."

"नाक?"

"उत्तम आहे."

"पंख?"

"उत्तम आहे. अखेर जमला तुम्हाला."

मी म्हटलं, "जमत होता. मीच ओला काढत होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "नाकही पहिल्यापासून ठीक होतं."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अहो, आमचं पुढे सरकवा की." कुणीतरी तिला गप्प केलं. मी म्हटलं, "म्हणजे आता तपासायला यायचं काही कारण राहिलं नाही."

"नाही. शिवाय हुकूम आहे."

"हुकूम मूर्तीच्या कामासाठी येऊ नये असा आहे ना?"

"हो."

"मग बिनकामाचे याल का?"

भिंगरे, माझे कान इतके तापले की त्यावर प्लॅस्टर वाळलं असतं. ते पावती उलटी धरून वाचत होते. मग म्हणाले, "रविवारी चालेल?" आणि सगळी रांग हसली. साहेब बाहेर आले नि म्हणाले, "काय चाललंय?" तर तीच म्हातारी म्हणाली, "तुमच्या कचेरीत पहिल्यांदाच काहीतरी पटकन झालं."

रविवारी आले. पहिला अर्धा तास फार वाईट गेला. बघायला नाक नाही, बोलायला पंख नाही. दोघं चहाकडे बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, माझे हात हिवाळ्यात फुटतात का. फुटतात, म्हटलं. त्यावरून सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत चाललं. पुढच्याही रविवारी आले. काल त्यांनी विचारलं. काय विचारलं ते तुला दहा भाषांत लिहून पाठवायची गरज नाही.

मी हो म्हटलं. तुझे बाबा आधी ओरडले, मग दुकान बंद करून मिठी मारायला आले.

एक भानगड आहे. तिथल्या माणसाला स्वतःचं लग्न स्वतःच्या कचेरीत नोंदवता येत नाही, असा नियम निघाला. दुसऱ्या गावच्या कार्यालयात जावं लागणार. तिथे म्हणे फारच गर्दी असते. ते संकोचून म्हणाले, "मी शब्द टाकला तर तिथले लोक आपल्याला मागच्या दाराने आत घेतील. तुम्हाला उन्हात ताटकळावं लागणार नाही."

मी म्हटलं, मागच्या दाराने कशाला? सगळ्यांसारखं रांगेत उभं राहायचं. लांबलचक असली तरी चालेल. लोकांनी विचारलं पाहिजे, "बाई, तुम्ही कुणाबरोबर आलात?" आणि मला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे.

रजा टाक आणि ये.

आत्या